नावानिशी प्रार्थना

लोंढेमामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हलक्या आवाजात बोलत होते, कारण बाहेरच्या खोलीत आई पडून होती आणि तिच्यासमोर मातीचा विषय काढायची त्यांची टाप नव्हती.

"एकदाच, पाळकसाहेब. रविवारच्या उपासनेत मच्छिंद्र म्हसेचं नाव घ्यायचं. भाषण करा असं कोण म्हणतंय? प्रार्थनेतच घ्या. तो येणारे, पहिल्या बाकावर बसणारे. त्याच्या कानावर नाव पडलं की काम झालं."

"काय काम झालं?" बाबांनी विचारलं.

"निवडून आला की पहिल्या सभेत ठराव. वढ्याकाठची जागा ख्रिस्ती समाजाच्या दफनभूमीला. माझ्या हातावर हात मारून सांगितलंय त्यानं."

"मी सरपंचाचं नाव घेतो," बाबा म्हणाले. "तो सरपंच नाही."

"होणारे की."

"झाला की घेईन."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पोळपाटाकडे बघितलं. त्या दिवसांत मी बहुतेक वेळ कशाकडे तरी बघत असे आणि त्यातून मला काही कळत नसे.

बाबा म्हणजे रेव्हरंड शांतवन साळवे. निंबेगावच्या मंडळीचे पाळक. लोंढेमामा म्हणजे मंडळीच्या पंचांमधले मोठे पंच, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अख्खी मंडळी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. मी चर्चमध्ये पेटी वाजवत असे, जवळच्या शाळेत शिकवत असे, आणि त्या हिवाळ्यात रजा काढून आईचं करत होते. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. नगरच्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" असं सांगितलं होतं. डॉक्टर लोक असं बोलले की त्याचा एकच अर्थ असतो, आणि आईला तो आमच्याआधी कळला होता.

तिची एकच इच्छा होती. माझा धाकटा भाऊ आशिष कॉलेजात असताना मोटरसायकलच्या अपघातात गेला. ओढ्याकाठच्या आमच्या जुन्या कबरस्थानात तो आहे. त्याच्या शेजारची जागा आईने तेव्हापासून धरून ठेवली होती. कुणाची माती असली की खड्डा कुठे घ्यायचा याची चर्चा व्हायची, तेव्हा ती सगळ्यांदेखत सांगायची, "तिकडं जायचं नाही. तिथं मी रुमाल टाकून ठेवलाय." मामा हसायचे. सीटवर रुमाल टाकणाऱ्यांशी भांडण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती.

पण जागा कागदावर आमची नव्हतीच. गायरान होतं. मिशनच्या काळापासून आम्ही तिथे माती देत आलो आणि कुणी अडवलं नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही. मग सोपानराव वाबळे सरपंच झाले आणि त्यांनी तिथे आठवडे बाजाराचे गाळे बांधायचं काढलं. त्या उन्हाळ्यात म्हातारे याकोबबाबा वारले, तर खड्डा अर्धा झाल्यावर ग्रामपंचायतीची माणसं पोलिसाला घेऊन आली. शेवटी त्यांना टेम्पोत घालून तालुक्याच्या कबरस्थानात न्यावं लागलं. आई तेव्हा चालत-बोलत होती. टेम्पो गेल्यावर ती ओट्यावर बसून म्हणाली, "मला असं सामानासारखं नेऊ नका रे."

आता निवडणूक आली होती. वाबळे परत उभे होते आणि समोर मच्छिंद्र म्हसे. आमच्या वस्तीची मतं गठ्ठ्याने पडतात असा गावाचा समज होता. तो खोटा होता, पण त्याचा फायदा होईल तेव्हा आम्हीही तो खोडत नव्हतो.

मामा गेल्यावर आईने मला हाक मारली.

"येमी, काय म्हणत होता लोंढ्या?"

"काही नाही. पंचांचं काम."

"किडनी गेल्यात माझ्या, कान नाही गेले." तिने बाबांना बोलावलं. बाबा तिच्या पायाशी बसले आणि सवयीने तिची पावलं चेपायला लागले. ती सुजून गार झाली होती. "अहो, घ्या की एक नाव. इतकी वर्षं त्या वाबळ्याचं घेताय, त्यानं आपली माती अडवली तरी घेताय. देवाला काय, एक नाव जास्त."

हे खरंच होतं. आमच्या मंडळीची ती जुनी रीत. दर रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेत देशावर राज्य करणाऱ्यांना देवाच्या हाती द्यायचं. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टर यांचं नुसतं पद म्हणायचं, आणि सरपंचाचं मात्र नाव घ्यायचं. मी लहानपणी याचं कारण विचारलं होतं. आई म्हणाली होती, "दिल्लीवाल्यांना देव ओळखतो. गावातल्यांची ओळख करून द्यावी लागते." सरपंच कुठल्या पार्टीचा, कसा, याचा त्या प्रार्थनेशी संबंध नव्हता. जो खुर्चीवर, त्याचं नाव. लोक ते ऐकतही नसत. आता आमेन म्हणायचंय एवढंच त्यांच्या कानाला कळायचं.

बाबा बराच वेळ पावलं चेपत राहिले. मग म्हणाले, "बघतो."

बाबा 'बघतो' म्हणणारे नव्हते. हो म्हणायचे किंवा नाही म्हणायचे. आईने माझ्याकडे बघून भुवई उडवली, काम फत्ते झाल्यासारखी. मलाही वाटलं, घेतील. त्या आठवड्यात मला जे काही वाटलं ते एवढंच.

रविवारी मच्छिंद्र म्हसे आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, मागे चार-पाच माणसं. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. आमच्यात काढत नाहीत, पण ते बघून दोन-तीन म्हाताऱ्यांनीही गुपचूप आपल्या काढल्या. मग तो सरळ चालत जाऊन पहिल्या बाकावर बसला, तो नेमका बायकांच्या बाजूच्या. कुणी त्याला उठवलं नाही. बायका हसू दाबत मागच्या बाकांवर सरकल्या. लोंढेमामा पुरुषांच्या बाजूला ताठ बसले होते. अख्ख्या मंडळीला माहीत होतं आज काय होणार ते. मामांनी घरोघर सांगितलं होतं.

गीत झालं, शास्त्रपाठ झाला. बाबा वेदीपाशी उभे राहिले आणि डोळे मिटले. मी पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना माझे उघडे असायचे, कारण आमेननंतर लगेच सूर द्यावा लागे.

"हे स्वर्गीय पित्या, आमच्या देशाचे राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांना आम्ही तुझ्या हाती देतो. राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे कलेक्टर यांना शहाणपण दे. आणि आमच्या गावचे सरपंच..."

इथे बाबा थांबले. ते कधी थांबत नसत. म्हसेने डोळे किलकिले करून वर बघितलं.

"...आमच्या गावचे सरपंच सोपान वाबळे यांना न्यायानं वागायला बळ दे."

"आमेन," मंडळी म्हणाली.

दर रविवारी म्हणायची तसंच, मोठ्यानं आणि एका सुरात. त्यात सगळ्यात वरचढ आवाज लोंढेमामांचा होता. इतक्या वर्षांची सवय. बोलून गेल्यावर त्यांना कळलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. मागे एक बाई फिसकन हसली. मी सूर द्यायला विसरले.

म्हसे शेवटपर्यंत बसून राहिला, हे मात्र मानलं पाहिजे. उपासना सुटल्यावर चपला घालताना तो बाबांना म्हणाला, "चांगली प्रार्थना करता तुम्ही. सगळे एका आवाजात आमेन म्हणतात."

संध्याकाळी वाबळ्यांची प्रचाराची रिक्षा आमच्याच वस्तीतून ओरडत गेली. ख्रिस्ती बांधवांची प्रार्थना, सोपानरावांच्या पाठीशी. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "ही तर रोजचीच प्रार्थना आहे," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले कोण जाणे. रिक्षा पुढे गेली होती.

मामा आत आले आणि पहिल्यांदाच त्यांनी पाळकांसमोर आवाज चढवला. "ज्यानं आपली माती अडवली त्याला बळ दे? तुम्हाला दुसरं नाव सुचलं नाही ते नाही, निदान गप बसायचं. एक रविवार सरपंच राहिला असता प्रार्थनेवाचून. मेला नसता."

"तुम्ही आमेन म्हणालात, मामा," बाबा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. पण मामांना तो वाटला आणि ते उठून गेले.

आईला मी सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, निदान रडेल. तिने मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, "जमलं नाही त्यांना." मग पाणी मागितलं. पाणी मोजूनमापून द्यायचं होतं, मी थोडं जास्तच दिलं.

म्हसे निवडून आला. गुलालाने रस्ता लाल झाला, आणि तो गुलाल वाऱ्याने पुरता उडालाही नव्हता तेव्हा एका दुपारी आई गेली. मी तिला पांढरी साडी नेसवली, केस विंचरले, हातात छोटा क्रूस ठेवला. बायका गळ्यात पडून रडल्या. मला रडू येत नव्हतं. यायला हवं हे कळत होतं, जसं भूक नसताना जेवणाची वेळ झालेली कळते. मी बसायला चटया टाकल्या आणि किती जणांचा चहा टाकायचा ते विचारत फिरले.

मामा आले, तो राग विसरून. "पाळकसाहेब, चला. म्हसेकडं जाऊ. आता तोच आहे."

वाबळ्यांकडे माणूस आधीच जाऊन आला होता. "मी आता कोण?" असा निरोप त्यांनी दिला होता. ज्यांच्यासाठी आम्ही न्यायाने वागायचं बळ मागत होतो त्यांचं बळ असं संपलं.

आम्ही तिघं गेलो. म्हसेच्या ओट्यावर माणसांची वर्दळ होती, हार पडले होते. बाबांना बघून तो उठला. वाईट माणूस नव्हता तो. मी नंतर खूप प्रयत्न केला त्याला वाईट ठरवायचा, जमलं नाही.

"बसा. कळलं मला, वाईट झालं. बाईंच्या हातची नानकटाई खाल्लीय मी, दर नाताळाला यायची आमच्याकडं." त्याने पाणी मागवलं. मग माणसांना बाजूला व्हायची खूण केली. कुणी फार बाजूला झालं नाही.

"मच्छिंद्रराव," बाबा म्हणाले, "आशिषशेजारी तिला माती द्यायची आहे. तिची इच्छा होती."

"मी सांगितलं तर कोण अडवतंय? आपली पोरं खड्डा खणतील." त्याने पायाशी पडलेला हार उचलून बाजूला ठेवला. "पण पाळकसाहेब, माझ्या तोंडावर तुम्ही त्याचं नाव घेतलं. माझी माणसं शेजारी बसलेली. गाव हसलं मला. निवडून आलो तरी हसतंय. म्हणतंय, म्हसेला देवळातून हाकललं."

"ती रीत आहे आमची. जो पदावर..."

"लोंढ्यांनी सांगितली मला रीत. पण लोकांना रीत कळत नाही, नाव कळतं." तो खुर्चीत पुढे सरकला. "मग आता घ्या माझं. इथंच, या माणसांसमोर. देवाचं नाव घ्या, माझं नाव घ्या, दोन वाक्यं. मी आत्ता पोरं पाठवतो वढ्यावर."

त्याने काही कठीण मागितलंय असं मला वाटलं नाही. मामांनाही वाटलं नाही. "पाळकसाहेब," ते म्हणाले, विनवल्यासारखं.

मी म्हणाले, "बाबा, घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते उभे राहिले. म्हसेने पटकन टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. बाबांनी डोळे मिटले, हात पुढे केला. त्यांचे ओठ हलले. घरी आई चटईवर होती, बर्फाच्या लाद्या आणायला कुणीतरी गेलं होतं, आणि मी बाबांच्या ओठांकडे बघत होते की आता निघेल, आता निघेल.

त्यांनी डोळे उघडले.

"होत नाही," ते म्हणाले.

"काय होत नाही?"

"तुमच्यासाठी म्हणून निघत नाही, मच्छिंद्रराव. नाव तुमचं येतं तोंडात, पण मागणं दुसऱ्याच कुणासाठी निघतंय."

म्हसेने मान वर केली. "मला चालेल की," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्याला खरंच चाललं असतं.

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

म्हसेने टोपी डोक्यावर चढवली. ती नीट बसवायला त्याने बराच वेळ घेतला. "मग पहिली सभा होऊ द्या," तो म्हणाला. "मी तरी अजून कुठं सरपंच झालोय."

आईला टेम्पोतून नेलं. मी शवपेटीशेजारी बसले होते, एक हात तिच्या झाकणावर. ड्रायव्हरने गाणी लावली होती ती लोंढेमामांनी बंद करायला लावली, मग नुसता टेम्पोचा खडखडाट राहिला. तालुक्याचं कबरस्थान एका भिंतीला लागून होतं, पलीकडे गॅरेज होतं. बाबांनीच विधी केला. मातीला माती, राखेला राख, हे शब्द ते रोजच्या आवाजात म्हणाले. मी मूठभर माती टाकली. अनोळखी दोन कबरींच्या मध्ये तिला जागा मिळाली. मला बाबांचा राग यायला हवा होता. मी तो शोधला, टेम्पोत परत येताना अख्ख्या रस्त्याने शोधला. काहीच हाती लागलं नाही. घरी येऊन आम्ही दोघं जेवलो, पिठलं होतं शेजाऱ्यांनी दिलेलं, आणि बाबा म्हणाले, मीठ कमी आहे. मी मीठ दिलं.

मंडळीतले काही लोक आमच्याकडे यायचे बंद झाले. मामा येत राहिले, पण बोलायचे माझ्याशी.

काही आठवड्यांनी म्हसेने पदभार घेतला. पुढच्या रविवारी बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटले. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टर. "आणि आमच्या गावचे सरपंच मच्छिंद्र म्हसे यांना आम्ही नावानिशी तुझ्या हाती देतो." पण तिथे ते थांबले नाहीत. त्याच्यासाठी न्यायाने वागायचं बळ मागितलं, त्याच्या घरच्यांसाठी आरोग्य मागितलं, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांसाठी मागितलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं हे बाबांना कुठून कळलं कोण जाणे. कुणासाठी इतकं सविस्तर मागताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. आवाज मोकळा होता, कुठे अडकत नव्हता.

आमेन विखुरलेलं आलं. अर्ध्या लोकांनी म्हटलंच नाही. लोंढेमामांनी म्हटलं, खूप उशिरा.

सूर देताना मला म्हसे दिसला. कुणी बोलावलेलं नसताना आला होता, एकटाच, आणि या वेळी पुरुषांच्या बाजूला, अगदी मागच्या बाकावर बसला होता. आमेन होऊन गेलं तरी त्याची मान खालीच होती. प्रार्थना संपली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गीताचं दुसरं कडवं सुरू झाल्यावर त्याने वर बघितलं.

उपासना सुटल्यावर तो बाबांजवळ आला. "ठराव झाला, पाळकसाहेब. गाळे दुसरीकडं. आता तुमची कुणाचीही माती अडणार नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "सगळ्यांची सोय झाली. चहाला चला."

तो आमच्या बाहेरच्या खोलीत बसला. आईची खाट अजून तिथेच होती, मी आवरली नव्हती, म्हणून तो खाट सोडून खुर्चीत अंग चोरून बसला. मी कप ठेवले. त्याने चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"आज माझ्या आईचंसुद्धा घेतलंत," तो म्हणाला. "मग त्या दिवशी दोन शब्द का नाही निघाले? मी काय मोठं मागत होतो? आज निघालेच की."

बाबांनी चहाचा घोट घेतला. मलाही ते ऐकायचं होतं, म्हणून मी दारात थांबले. आई गेल्यापासून मी त्यांना हे विचारलं नव्हतं, आणि विचारणारही नव्हते.

"आज मला कुणाला पुरायचं नाही," बाबा म्हणाले.

म्हसेने बशी तशीच खाली ठेवली. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मला रडू आलं. बाहेर बाबा त्याला आणखी थोडा चहा घ्या म्हणून आग्रह करत होते.